पेवातली ज्वारी आणि विम्याचा हप्ता

१९ जानेवारी १९५६ रोजी देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले. आयुर्विम्याचा धंदा सरकार आपल्या हाती घेत आहे, ही बातमी देशाने ऐकली ती रेडिओवर. आमची हिंगोली त्या दिवशी हैदराबाद राज्यात होती. वर्ष सरायच्या आत आयुर्विमा महामंडळ उभे राहिले आणि मराठवाडाही मुंबई राज्यात आला. पुढे कधीतरी त्या महामंडळाचा एजंट सायकलवर आमच्या मोहल्ल्यात पोचला आणि अब्बांनी पॉलिसी काढली.

अब्बांचे शिलाईचे छोटे दुकान होते. विमा म्हणजे जुगार, असे मोहल्ल्यातल्या काही बुजुर्गांचे मत होते. अब्बांचे म्हणणे वेगळे. जुगारात माणूस दुसऱ्याने हरावे म्हणून बसतो. इथे तर आपल्यावर पाळी येऊच नये, अशी दुआ करत प्रत्येकजण पैसे भरतो, असे ते म्हणत. एकमेकांची हमी घेण्याला अरबीत ‘तकाफुल’ हा शब्द आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. अब्बांना शब्द ठाऊक नव्हता, अर्थ ठाऊक होता.

ती पॉलिसी १९९१ साली त्यांच्या पश्चात कामी आली. पण त्याआधीच्या तीन वर्षांच्या आजारपणात एक शिलाई मशीन गेली, अम्मीच्या सोन्याच्या दोन बांगड्या गेल्या आणि रस्त्याकडेची जागाही गेली. घरात मरणाचा विमा होता, आजारपणाचा नव्हता. असाही विमा निघतो, हेच आम्हांला माहीत नव्हते. वास्तविक तो निघून पाच वर्षे झाली होती. मग तो आमच्यापर्यंत का आला नाही? हा प्रश्न माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला विमा समजावून सांगायला पेव पुरेसे आहे. जमिनीत खोल खड्डा, आतून काडाचे अस्तर, वरून दगड आणि माती. सुगीची ज्वारी त्यात उतरवायची आणि दुष्काळात तोंड उघडायचे. विमा म्हणजे अनेक घरांनी मिळून भरलेले पेव. मात्र पेव सामाईक झाले की तीन प्रश्न उभे राहतात. कोणी किती घालायचे? कोणी कधी काढायचे? आणि पेवाच्या तोंडाशी राखणीला कोण बसणार? आरोग्यविम्याचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो.

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कायदा करून कामगार आणि मालक या दोघांनाही आजारपणाच्या निधीत पैसे भरायला लावले. अमेरिकेत १९२९ साली डॅलस शहरातल्या बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांसाठी योजना काढली. दरमहा अर्धा डॉलर भरा आणि वेळ आली तर २१ दिवस रुग्णालयात उपचार घ्या. तिथल्या खासगी आरोग्यविम्याचे मूळ या योजनेत सापडते.

आपल्याकडे हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो प्रा. बी. पी. आडारकर यांनी. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्याच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. काम मोलाचे होते. पण वर्तुळ आखले गेले ते कारखान्याच्या भिंतीला धरून, आणि त्यातूनही हंगामी कारखाने वगळले. आमच्या मराठवाड्यात कारखाना म्हणजे बहुधा कापसाचे जिनिंग, आणि कायद्याच्या व्याख्येत जिनिंग हंगामी ठरते. सालगडी, कुळवाडी, शिंपी, आठवडी बाजारातला बागवान हे तर व्याख्येच्या जवळपासही नव्हते.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारी झाला. १०७ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार कंपन्या राहिल्या. दोराबजी टाटा यांनी १९१९ साली मुंबईत काढलेली न्यू इंडिया त्यांतलीच एक. या चार कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आणली. आधी आपल्या खिशातून बिल भरायचे, मग कागदपत्रे जोडून पैसे मागायचे, अशी तिची रीत होती. ज्याच्या हाताशी आधी भरायला पैसे आहेत, त्याच्यासाठीच ती होती. बँका, कंपन्या आणि मोठ्या शहरांतले पगारदार यांच्यातच ती फिरत राहिली. अब्बांच्या दुकानापर्यंत सायकलवर आलेला एजंट मरणाचा विमा विकत होता. आजारपणाच्या विम्याला मोहल्ल्याचा रस्ता ठाऊक नव्हता.

त्याच सुमारास आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यात, एक निराळा प्रयोग चालू होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या खेड्यांसाठी विमा सुरू केला, आणि त्याचा हप्ता होता ज्वारी! सुगीत गावकऱ्यांनी ज्वारी गोळा करायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त घालायची, भूमिहीनाने थोडी. अचानक आलेल्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. हर्निया, मोतीबिंदू असे आधी ठरवून करता येणारे उपचार असतील तर खर्चाचा काही भाग रुग्णाने उचलायचा. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले.

या योजनेतली एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावातली निदान तीन चतुर्थांश घरे सामील झाली तरच गावाला विमा मिळे. ही अट कशासाठी? विमा ऐच्छिक ठेवला की आजारी माणूस धावत येतो आणि धडधाकट माणूस ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणून दूर राहतो. मग पेवात घालणारे कमी होतात आणि काढणारे वाढतात. हप्ता वाढवावा लागतो. वाढला की उरलेले धडधाकटही निघून जातात आणि हप्ता पुन्हा वाढतो. ज्वारीच्या विमावाल्यांनी ही गाठ गावाच्या चावडीवरच सोडवली. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या ज्वारीवर रुग्णालय चालत नव्हते. त्याच्या पाठीशी सरकारी अनुदान होते.

नव्वदच्या दशकात वारे बदलले. मल्होत्रा समितीने १९९४ साली विमाक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्याची शिफारस केली. १९९९ साली नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्या येऊ लागल्या. परकीय भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के होती. ती २०१५ साली ४९ आणि २०२१ साली ७४ टक्के झाली. फक्त आरोग्यविमा विकणारी पहिली कंपनी २००६ साली निघाली. याच काळात ‘कॅशलेस’ हा शब्द मराठीत रुळला. रुग्णालय आणि कंपनी यांच्यामध्ये दावे तपासणारा तिसरा पक्ष आला. त्याला सगळे टीपीए म्हणतात. पेवाच्या तोंडाशी आता पगारी राखणदार बसला.

पूर्वी एखाद्या कारखान्याला आगीचा विमा विकताना कंपनी त्याच्या कामगारांचा आरोग्यविमा तोट्यातही देत असे. आगीच्या विम्याचे दर ठरलेले असत आणि त्यांतला नफा हा तोटा भरून काढी. २००७ साली ते दर मोकळे झाले, स्पर्धेत कोसळले, आणि आरोग्यविम्याला स्वतःच्या पायांवर उभे राहणे भाग पडले. दुसरीकडे रुग्णालयांची बिले फुगत होती. २०१० साली सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सोय थांबवली. रुग्णालये म्हणत, तुमचे दर परवडत नाहीत. कंपन्या म्हणत, विमाधारक दिसला की तुम्ही बिल वाढवता. दोघांच्या बोलण्यात तथ्य होते. मधल्या मध्ये खाटेवरचा रुग्ण अडकला. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी आजही मुळात १९४९ च्या कायद्याखाली होते. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक लावायला सांगितले. ते दर किती असावेत, हे मात्र ठरवून दिले नाही.

या ओढाताणीचा अनुभव मीही घेतला. अब्बांचे आजारपण आठवून मी दोन लाखांची पॉलिसी काढली आणि दहा वर्षे हप्ते भरले. मग पत्नीच्या पित्ताशयाचे ऑपरेशन करावे लागले. साधी खोली शिल्लक नव्हती, म्हणून रोज चार हजारांची घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याला विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दोन हजारांची मर्यादा होती. मला वाटले, वरचे दोन हजार आपण भरू. पण खोली दुप्पट दराची म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, तपासण्या असे बहुतेक सगळेच त्याच प्रमाणात निम्मे कापले गेले. अट पॉलिसीत छापलेली होती. मी बीए झालेला माणूस, कविता लिहितो, शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. तरीही तो बारीक मजकूर मी वाचला नव्हता. मग ज्याला वाचताच येत नाही त्याने काय करावे?

कंपन्यांवरचे दडपणही समजून घेतले पाहिजे. २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांना आरोग्यविम्याच्या शंभर रुपयांच्या हप्त्यामागे शंभराहून जास्त रुपयांचे दावे भरावे लागले. फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांत हा आकडा पासष्टच्या आसपास होता. एकीकडे पेव रिकामे होत होते. दुसरीकडे उरलेल्या पस्तिसांत एजंटचे कमिशन, जाहिरात, कारभार आणि भांडवलदाराचा नफा यांची वाटणी होत होती. दोन्हीकडे हप्ते वाढत गेले, आणि सर्वांत जास्त वाढले ते म्हाताऱ्यांचे. तीस वर्षे घालत आलेला माणूस काढायची वेळ आली की पेवाबाहेर पडू लागला.

नियामकाने २०२४ साली काही दारे उघडली. नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची अट उरली नाही. आधीपासून असलेल्या आजाराची प्रतीक्षा चार वर्षांऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षे झाली. पाच वर्षे पॉलिसी चालली की फसवणुकीखेरीज ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत नियामकाने सांगितले, की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी विचारा. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. ग्राहकाला दिलासा मिळाला. पण कंपन्यांना स्वतःच्या खर्चावरील कराची वजावट मिळेनाशी झाली आणि त्यांनी एजंटांच्या कमिशनला कात्री लावली. एका बाजूचे दडपण दुसऱ्या बाजूला सरकते, ते असे.

हिंगोलीतल्या बहुसंख्य लोकांपर्यंत आजारपणाचा विमा पोचला तो मात्र सरकारी कार्डावर. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते, हिंगोली नव्हते. आमची पाळी २०१३ च्या नोव्हेंबरात आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही सामील केले. त्यांत हिंगोली होती. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि २०२४ पासून अमलात आला. त्याच वर्षी केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेत घेतले. खासगी कंपन्या ज्या म्हाताऱ्यांना परवडत नव्हत्या, त्यांचा भार आता सरकारने उचलला आहे.

पण कार्ड खिशात असून भागत नाही. कार्ड चालेल असे रुग्णालयही हाताशी लागते. हिंगोलीचा गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे नांदेडची वाट धरत आला. भाडे, नातेवाइकांचे जेवण, बुडालेली मजुरी हे कोणत्याच विम्यात बसत नाही. २०२४ साली हिंगोलीत १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. माझ्या लेखी तो विम्याच्याच इतिहासातला टप्पा आहे. सेवाग्रामच्या ज्वारीलाही अर्थ आला तो शेजारी रुग्णालय उभे होते म्हणून.

आज आमच्या शिवारात ज्वारी कमी झाली. सोयाबीन आणि हळद आली, आणि पेवे बुजली. पीकविम्यामुळे हप्ता, पंचनामा, दावा हे शब्द मात्र घरोघरी ठाऊक झाले. २०२३ च्या खरिपात एक रुपयात मिळालेला पीकविमा २०२५ साली बंद झाला. त्यामुळे पेव भरायचे कोणी, हा प्रश्न शेतकऱ्याला पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आरोग्यविम्याची पॉलिसी घेताना तोच प्रश्न त्याने विचारावा. खोलीभाड्याची मर्यादा किती? कोणते आजार किती वर्षे वगळले आहेत? आपल्या गावाजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे? हप्ता भरण्याआधी हे तीन प्रश्न एजंटला विचारावेत आणि उत्तर पॉलिसीत बोट ठेवून दाखवायला सांगावे. आणि सरकारला, नियामकाला विचारायचा प्रश्न एकच. धडधाकटपणी ज्याने घातले, त्याला म्हातारपणी काढता येईल ना?

अब्बांची दुसरी मशीन अजून माझ्या घरी आहे. अम्मी होती तोवर दर ईदला तिला तेल घालायची. विकलेल्या मशीनची जागा आम्ही मोकळीच ठेवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)