बुडबुड्यांची ऊब

वेटसूट या नावातच एक गंमत आहे. थंड पाण्यात उतरताना अंगात घालायचा पोशाख, आणि त्याचं नाव काय, तर ओला सूट! दुकानात आलेला नवखा हमखास विचारतो, "यातून पाणी आत येणार नाही ना?" उत्तर असतं : येणार. आणि थोडं आलं तर काही बिघडत नाही. हे 'बिघडत नाही' कळायला १९५१ साल उजाडावं लागलं.

आधी थंडीचा हिशेब बघू. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. म्हणून २० अंशांच्या हवेत आपण टीशर्टवर मजेत फिरतो आणि २० अंशांच्या पाण्यात थोड्या वेळाने दात वाजायला लागतात. तारकर्लीच्या कोमट समुद्रात मासे बघून आलेल्यांना याची कल्पना येणं कठीण. कॅलिफोर्नियात किंवा कोरियात मात्र पाण्यात उतरणाऱ्याची पहिली झुंज थंडीशीच असते.

दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या पाणबुड्यांकडे यावर सरळसोट तोडगा होता. आत लोकरीचे कपडे आणि वरून पातळ रबराचा, पाणी शिरू न देणारा सूट. ऊब द्यायची ती लोकर. रबराचं काम फक्त लोकर कोरडी ठेवण्याचं. पण खडकाला घासून सूट जरासा फाटला की लोकर भिजायची आणि सगळी मेहनत पाण्यात जायची, अगदी शब्दशः.

ह्यू ब्रॅडनर हा भौतिकशास्त्रज्ञ. युद्धकाळात त्याने लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलं आणि नंतर तो बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आला. नौदलाच्या पाणबुड्यांचा प्रश्न त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने तो उलटा करून पाहिला. ऊब नेमकी कशाने मिळते? कोरडेपणाने, की अडकून पडलेल्या हवेने? गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत हवा कोंडलेली असते म्हणून. मग ही हवा धाग्यांच्या फटींत न ठेवता पदार्थाच्याच पोटात, बंद बुडबुड्यांमध्ये कोंडली तर? पाणी तिला हाकलू शकणार नाही. माणूस ओला झाला तरी चालेल. जून १९५१ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्याने हा विचार मांडला. वेटसूटचा जन्म तिथला.

पदार्थ सुचवला त्याचा सहकारी विलार्ड बॅस्कम याने. फेसाळ निओप्रीन. हे कृत्रिम रबर अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या गटाने १९३० मध्ये शोधलं होतं. तेलाने लवकर खराब होत नाही म्हणून ते नळ्यांना आणि केबलच्या वेष्टनांना वापरलं जाई. त्याला फेस आणला की आत असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. वेटसूट म्हणजे अंगाला बसेल असा कापलेला बुडबुड्यांचा पत्रा.

'आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच आपल्याला उबदार ठेवतं' असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. राखण करतात ते बुडबुडे. आतलं पाणी तापवायला उलट आपलीच उष्णता खर्च होते. ते जागच्या जागी राहिलं तर खर्च एकदाच. सूट ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला नवं गार पाणी आत येतं आणि खर्च पुन्हा पुन्हा.

ब्रॅडनरने यावर पेटंट मिळवलं नाही. शोधातून पैसा केला तो इतरांनी. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओ'नीलने सर्फिंगचं दुकान उघडलं. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियात मेस्ट्रेल बंधू, बिल आणि बॉब हे जुळे, या धंद्यात उतरले. सुरुवातीचे सूट अंगात चढवणं ही एक कसरतच होती. उघडं निओप्रीन कातडीला चिकटायचं, ओढलं की फाटायचं. लोक अंगभर टाल्कम पावडर फासून त्यात शिरायचे. पुढे आतून नायलॉनचं अस्तर लावायला सुरुवात झाली आणि सूट सहज सरकायला लागला.

पण या सुटाने माणसाचं काय केलं हे पाहायचं तर पॅसिफिकच्या दुसऱ्या काठाला, कोरियात जावं लागतं. तिथल्या बायकांसाठी समुद्रात उतरणं ही हौस नव्हती, पोटाची सोय होती. त्यांना 'हेन्यो' म्हणतात, म्हणजे समुद्रातल्या स्त्रिया. पाठीवर टाकी न घेता, एका श्वासावर बुडी मारून त्या शिंपले, शंख, समुद्री शेवाळ काढतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हे साध्या सुती कपड्यांत केलं. हिवाळ्यात पाणी १० अंशांपर्यंत उतरायचं. थोडा वेळ बुड्या मारायच्या, कुडकुडत बाहेर यायचं आणि किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसायचं. जेजू बेटावर या आडोशाला 'बुलतॉक' म्हणतात. कोण कुठे बुडी मारणार, नव्या मुलीला काय शिकवायचं, घरची सुखदुःखं, सगळं त्या शेकोटीपाशी बोललं जाई.

१९६०च्या दशकात सुक की हाँग आणि हरमन रान या शास्त्रज्ञांनी या स्त्रियांचा अभ्यास केला. विश्रांतीतही शरीर जी ऊर्जा जाळतं, ती हिवाळ्यात या स्त्रियांमध्ये सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच गावातल्या बुडी न मारणाऱ्या बायकांमध्ये ही वाढ नव्हती. थंडीला तोंड देता देता शरीराने स्वतःचीच भट्टी मोठी केली होती.

१९७०च्या दशकात वेटसूट तिथे पोचला. अर्ध्या-पाऊण तासात बाहेर यावं लागणाऱ्या स्त्रिया आता सलग दोन-तीन तास पाण्यात राहू लागल्या. सूट तरंगतो म्हणून कमरेला शिशाची वजनं आली. कमाई वाढली, हिवाळ्याचा जाच कमी झाला. काही वर्षांनी हाँग यांनी पुन्हा मोजमाप केलं तेव्हा ती ३० टक्क्यांची वाढ नाहीशी झाली होती. तिची गरजच उरली नव्हती.

यावर 'जुनं ते सोनं' म्हणून हळहळायचं कारण नाही. गोठवणाऱ्या पाण्यात सुती कपड्यांवर उतरणं यात मौज नव्हती. परवडला असता तर त्या बायकांनी सूट दहा वर्षं आधी घेतला असता. पण थंडी आणखी एक काम करत होती. ती सांगायची, आता पुरे. माणूस बाहेर यायचा आणि समुद्राला उसंत मिळायची. सूट आला आणि ही सूचना बंद झाली. मग 'पुरे' कोणीतरी म्हणणं भाग होतं. जेजूच्या गावांनी ते स्वतःकडे घेतलं : काढायचे दिवस ठरलेले, ठरावीक मापाहून लहान शंखशिंपले काढायचे नाहीत, आणि हवेच्या टाक्या वापरायच्या नाहीत. २०१६ मध्ये युनेस्कोने जेजूच्या हेन्योंच्या संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, त्यात एकमेकींना सांभाळत आणि समुद्र राखत काम करण्याची ही रीतही आली.

आता दुकानात सूट निवडताना हा इतिहास कामाला येतो. रंग आणि ब्रँड नंतर. आधी बघा, तो सगळीकडे अंगाला नीट चिकटून बसतो का. पाठीच्या कण्यापाशी, काखेत, मानेशी पोकळी राहते का. श्वास भरून घेता आला पाहिजे, हात डोक्यावर नेता आले पाहिजेत. थंड पाण्यासाठी पाच-सात मिलिमीटर जाडी, डोक्याला हूड, शिवणीतून पाणी न झिरपणारी. आणि खोल जाणार असाल तर लक्षात ठेवा : १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो, म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच ऊब कमी. पाणी फारच गार असेल, तर आजही कोरडा सूटच बरा.

शेवटची गोष्ट दुकानदार विकू शकत नाही. सूट चांगला असेल तर थंडी उशिरा सांगेल. 'आता पुरे' तेवढं आपलं आपणच ठरवून पाण्यात उतरायचं.