मूळ चित्र आणि सुधारलेले चित्र

१९५७ साली अमेरिकेतील ‘नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स’ ह्या संस्थेत रसेल कर्श ह्या अभियंत्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र गणकयंत्राच्या स्वाधीन केले. यंत्राने त्या चित्राचे १७६ गुणिले १७६ ठिपके पाडले आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढे अंकांनी टिपून घेतले. जे अंकांत उतरते त्यावर गणित करता येते. चित्र बदलण्याच्या नव्या विद्येचा उगम ह्या साध्या गोष्टीत आहे.

ह्या विद्येने पहिला धक्का दिला तो १९८२ साली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या फेब्रुवारीच्या अंकावर गीझाच्या पिरॅमिडांचे छायाचित्र होते. आडवे चित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून यंत्राच्या साहाय्याने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. हजारो वर्षे न हललेले दगड कुणाच्या नकळत हलले! साहजिकच टीका झाली.

तोपर्यंत हे सामर्थ्य मोठ्या छापखान्यांपुरते होते. १९८७ साली मिशिगन विद्यापीठातील टॉमस नोल ह्या विद्यार्थ्याने घरच्या संगणकासाठी एक आज्ञावली रचण्यास आरंभ केला. चित्रपटांतील दृश्यचमत्कारांच्या क्षेत्रात काम करणारा त्याचा भाऊ जॉन त्याला येऊन मिळाला. फेब्रुवारी १९९० मध्ये ती ‘फोटोशॉप’ ह्या नावाने बाजारात आली.

मात्र एक उणीव होती. जुन्या छायाचित्रकाराने प्रत कशीही काढली, तरी त्याच्या पेटीत निगेटिव्ह सुरक्षित राही. इथे बदललेले चित्र त्याच नावाने जतन केले, की मूळ चित्र नाहीसे होई. २००७ साली आलेल्या ‘लाइटरूम’ ह्या आज्ञावलीने निराळा मार्ग धरला. मूळ चित्राला हात न लावता, उजेड किती वाढवावा, कड कुठे कापावी, ह्या सूचना तेवढ्या ती वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवते. सूचना पुसल्या की मूळ चित्र पुन्हा समोर उभे राहते. त्याच नोंदवहीत चित्रांची वर्गवारीही होते.

म्हणूनच नवशिक्याने रंग खुलविण्याआधी सांभाळण्याची शिस्त शिकावी. चित्रे कॅमेऱ्यातून उतरविताच त्यांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. वर्ष आणि महिना ह्यांप्रमाणे ती लावावीत. नको असलेली तेव्हाच काढून टाकावीत. सुधारणा त्यानंतर. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर दिनांक व वेळ लिहितो खरा. पण त्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर ती नोंदही खोटी ठरते.

आणि चित्रातली वृद्ध स्त्री कुणाची आत्या, मागचे अंगण कोणत्या गावचे, हे घरच्या माणसालाच ठाऊक असते. पूर्वी कुणीतरी छायाचित्राच्या पाठीवर शाईने दोन शब्द लिहून ठेवी. ते लिहिले नाहीत, तर एका पिढीनंतर उत्तम सुधारलेले चित्रही अनोळखी माणसाचे होऊन बसते.