पारची वाट आणि फिट्झगेराल्डचा रस्ता

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा राज्यमार्ग जेमतेम चाळीस किलोमीटरांचा. सावित्रीच्या खोऱ्यातून तो आंबेनळी घाट चढतो, वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा मागे टाकतो आणि पुढची चढण चढून महाबळेश्वरच्या पठारावर पोहोचतो. ‘अफझलखान याच घाटाने आला,’ असे या रस्त्यावर हमखास ऐकू येते. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मीही तसेच लिहून बसलो होतो. त्या चुकीची ही दुरुस्ती.

खान वाईहून, म्हणजे पूर्वेकडून आला. महाबळेश्वरच्या पठारावरून रडतोंडीच्या घाटाने उतरून त्याच्या फौजेने कोयनेकाठी पारजवळ तळ दिला. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट झाली ती या तळाच्या वरच्या अंगाला, प्रतापगडाच्या पायथ्याशी. आजचा राज्यमार्ग तेव्हा नव्हताच. तो पुरा झाला १८७६ मध्ये. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सीमोर फिट्झगेराल्ड यांचे नाव त्याला दिले गेले.

त्याआधी कोकणात उतरण्याचा राजरस्ता पार घाट हाच होता. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांची जावळी घेतली, मोरोपंत पिंगळ्यांकरवी प्रतापगड उभारला, त्यामागे या वाटेवर नजर ठेवण्याचा हिशेब होता. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये या घाटातल्या चौक्यांची नोंद आहे. त्या जकातीसाठी होत्या आणि रखवालीसाठीही. वळणे इतकी की इंग्रजांनी घाटाला ‘कॉर्कस्क्रू’, म्हणजे बाटलीचे बूच काढायचा पिळाचा स्क्रू, असे नाव ठेवले होते.

मग नवा रस्ता जुन्याच वाटेवरून का नेला नाही? उत्तर चाकात आहे. लमाणाचा लदलेला बैल उभी चढण चढतो, बैलगाडी चढत नाही. गाडीला मंद चढ लागतो आणि मंद चढासाठी डोंगराला वळसे घालत लांबचा रस्ता खोदावा लागतो. माल्कमने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी थंड हवेचे ठाणे वसवले होते. मुंबईहून सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत बोटीने येणाऱ्या साहेबांनाही वर पोहोचायला गाडीरस्ता हवा होता. १८६४ मध्ये कुंभार्लीचा रस्ता झाला, पाठोपाठ हा. पार घाटाची रहदारी दोन्हीकडून तुटली.

शेजारच्या वस्तीचे नाव पेठ पार. नावातली पेठ राहिली, बाजाराला जगवणारी वाट गेली.

रस्त्याने पुढे स्वतःचा इतिहास घडवला, हेही खरे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या निदर्शकांनी त्यांच्या वाटेवर काळी निशाणे धरली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला. खोदलेल्या डोंगराची ही देणी अजून फिटलेली नाहीत. गव्हर्नरसाहेबांचे नाव मात्र लोकांच्या जिभेवरून कधीच गळून पडले. घाट आंबेनळीचाच राहिला.

तेव्हा कुंभरोशीला गाडी गडाकडे वळवण्याआधी पारच्या फाट्याने खाली उतरावे. तिथे रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि कोयनेवरचा, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल. राज्यमार्गावर आपण ज्या इतिहासाची गोष्ट ऐकतो, तो त्या पुलावरून गेलेल्या वाटेचा आहे.