कॉडच्या बंदरातला कुत्रा

लॅब्रॅडॉरची शेपटी कधी नीट पाहिली आहे? बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती, झुबका अजिबात नाही. पाणमांजराची असते तशी. पोहताना ती सुकाणूचं काम करते. अंगावर केसांचे दोन थर : वरचा राठ नि तेलकट, आतला मऊ नि दाट. पायाच्या बोटांमध्ये कातडीचे पडदे. एवढा सगळा सरंजाम अंगावर बाळगून हा गडी पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर सोफ्यात लोळत असतो आणि घरचे म्हणतात, 'फार खादाड आहे हो आमचा, आणि सगळं तोंडात घालतो.'

नावात लॅब्रॅडॉर असलं तरी त्याचं मूळ शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तिथल्या गारठलेल्या समुद्रात कॉड मासळी अमाप, म्हणून सोळाव्या शतकापासून युरोपातल्या होड्या तिकडे वळल्या. डेव्हन-डॉर्सेटकडचे इंग्रज मच्छीमार उन्हाळ्यात यायचे, मासळी खारवून वाळवायचे, काही तिथेच राहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या नाना कुत्र्यांच्या संकरातून एक काळा, आखूड केसांचा, छातीवर पांढरा ठिपका असलेला कुत्रा तयार झाला : सेंट जॉन्स वॉटर डॉग. गळातून सुटलेला मासा पकडायचा, दोराचं टोक दातात धरून होडीपर्यंत आणायचं, ही त्याची चाकरी. १८२२ साली विल्यम कॉर्मॅकने हे बेट पायी ओलांडलं. लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर बर्फ साचतो, म्हणून इथले लोक आखूड केसांचाच पसंत करतात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. कुठल्या संघटनेचा शिक्का नाही, वंशावळीचा कागद नाही. कामाला येईल तो ठेवायचा, एवढाच नियम.

मासळीच्या जहाजांतून हे कुत्रे डॉर्सेटच्या पूल बंदरात उतरू लागले. १८१४ मध्ये कर्नल पीटर हॉकरने आपल्या शिकारीच्या पुस्तकात त्यांची तोंडभर स्तुती केली. जवळच जमीनजुमला असलेल्या माम्सबरीच्या अर्लनी ते पाळले, स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूकनी. काम तेच राहिलं, फक्त माशाच्या जागी बदक आलं. पडलेला पक्षी दात न लावता आणून द्यायचा. बदक चिरडणाऱ्या कुत्र्याचा शिकाऱ्याला उपयोग काय? १८८०च्या दशकात माम्सबरींनी बक्लूंना नेड आणि एव्हन हे दोन कुत्रे दिले. आजच्या लॅबचे पूर्वज म्हणून यांचीच नावं घेतात. पिवळी पिल्लं तेव्हा नकोशी असत; पिवळा म्हणून नोंद झालेला पहिला कुत्रा, बेन ऑफ हाइड, जन्मला १८९९ साली. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

माहेरी मात्र तिचे हाल झाले. १७८० साली गव्हर्नरने घरटी एकच कुत्रा असा हुकूम काढला, १८८५ मध्ये मेंढ्यांच्या रक्षणासाठी कुत्र्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १९८०च्या सुमारास ग्रँड ब्रुइट या आडगावात सेंट जॉन्स जातीचे अखेरचे दोन म्हातारे कुत्रे उरले होते. दोन्ही नर. तिथे वंश संपला.

खादाडपणाचं कोडं केंब्रिजमध्ये बरंचसं सुटलं. २०१६ साली तिथल्या संशोधकांना दिसलं, की सुमारे चौथाई लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडाच गळालेला आहे. त्यामुळे पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. गंमत अशी, की अंध-अपंगांना मदत करणाऱ्या लॅबमध्ये हा बदल कितीतरी जास्त आढळला. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा लवकर शिकतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला तो पटतो. म्हणून शिकवताना दिलेला प्रत्येक दाणा रोजच्या भांड्यातून वजा करावा. नाहीतर कुत्रा शहाणा होतो आणि पिंपही होतो.

तोंडात घालण्याबद्दल त्याला मारणाऱ्यांची मला चीड येते. पिढ्यान्‌पिढ्या आपणच त्याला उचलून आणायला निवडलं. चप्पल हिसकावली तर तो पळापळीचा खेळ समजतो. बदल्यात दुसरं काही पुढे करावं आणि 'आण', 'सोड' हे शब्द पिल्लूपणीच पक्के करावेत. फेकलेल्या वस्तूमागे धावण्याआधी क्षणभर बसून राहणं हा शिकारी कुत्र्याचा जुना धडा फ्लॅटमध्येही कामी येतो. नाकाला उद्योग दिला तर आणखी बरं. मार्च १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅबने स्फोटकं हुडकून दिली होती.

पाण्याची ओढ रक्तात असली तरी पिल्लाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवू नये. उतरत्या काठावरून, उथळ पाण्यातून, त्याच्या पायांनी जाऊ द्यावं. बाहेर आल्यावर लोंबते कान आतून कोरडे करावेत, पावसाळ्यात तर रोज. उन्हाळ्यात अंग भादरू नये, कारण ते दोन थर उन्हापासूनही राखतात. विदर्भ-मराठवाड्यात फिरवायला सूर्य वर यायच्या आत न्यावं, आणि दुपारी घमेलंभर पाणी ठेवावं. त्यात तो पुढचे दोन पाय घालून बसणार, फरशी ओली होणार.