समुद्राला सातबारा नसतो

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक अलिखित नियम आहे : वाढवण बंदराचा विषय काढायचा नाही. एकदा निघाला, तेव्हा दोघे जण गट सोडून गेले. एकाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, दुसऱ्याचा मुलगा आयटीआय होऊन नोकरीच्या शोधात. शाळेत दोघे एकाच बाकावर बसायचे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, तोच विषय घ्यायचा, पण भांडणाच्या नव्हे, इतिहासाच्या बाजूने. इतिहासात माझे गुण किती असायचे ते बाईंना आठवत असेलच; तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला किनारा बंदरांचा, तोही फार जुना. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. ज्या नद्यांवर त्याने नावेने फुकट पार जाण्याची सोय केली, त्यांत 'दाहनुका' हे नाव येते. तीच आपली डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. उत्तरेला संजाण, पारशी परंपरेनुसार त्यांचे पूर्वज तिथे उतरले. डहाणूचा पोर्तुगीजांचा किल्ला १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, मराठ्यांकडे आला. पुढे जंगलातले लाकूड, भात, गवत गलबतांतून मुंबईला जात राहिले.

मग १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वे गुजरातेतून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि माल हळूहळू धक्क्यावरून स्टेशनात गेला. घोलवडचा चिकू गावोगाव पोहोचला तो या रेल्वेमुळेच. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे बंदर गेले ते सगळे नुकसानच झाले, असे नाही. पण ज्यांचे पोट गलबतावर होते त्यांना कोणी विचारले नव्हते. खाडीत गाळ साचत गेला आणि मच्छीमारांच्या होड्या तेवढ्या उरल्या.

आपण दहावी झालो ते १९९६ साल. तेव्हा आपल्याला निकालाखेरीज काही सुचत नव्हते, पण त्याच वर्षी या किनाऱ्यासाठी तीन मोठ्या गोष्टी घडल्या. राज्यातल्या छोट्या बंदरांसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड स्थापन झाले. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली. वाढवणला बंदर बांधायला आलेल्या पी अँड ओ या कंपनीचा प्रस्ताव याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला.

पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६,००० कोटी रुपये. भागीदारी अशी : जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण ७४ टक्के, मेरीटाईम बोर्ड २६ टक्के. शंभर झाले. वाढवणची ग्रामपंचायत, डहाणूची नगरपरिषद, मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्यासाठी एक टक्काही उरला नाही.

पेसामुळे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. पण हे बंदर मुख्यतः समुद्रातल्या भरावावर, सुमारे १,४४८ हेक्टरांवर, उभे राहायचे आहे. समुद्राला सातबारा नसतो. ज्याच्या आजोबापणजोबांनी तिथे जाळी टाकली, त्याच्या हाती दाखवायला कागदच नाही. आपल्या मित्राचा राग मला इथे कळला.

कामानिमित्त काही महिने मी लंडनला होते. आमचे ऑफिस जुन्या गोदीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत होते. तिथल्या मोठ्या गोद्या १९८१ पर्यंत बंद पडल्या. त्याच वर्षी सरकारने विकास महामंडळ नेमले आणि नियोजनाचे अधिकार स्थानिक पालिकांकडून काढून त्याच्याकडे दिले. भाग सुधारला हे खरेच. पण ऑफिसे आमच्यासारख्यांची झाली. गोदी कामगारांच्या मुलांना त्यात फारसे काही मिळाले नाही, ही तक्रार तिथे अजून ऐकू येते. दुसऱ्या मित्राने हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. बंदर आले म्हणजे मुलाला नोकरी लागलीच, असे होत नाही. तेही आधी लिहून घ्यावे लागते.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रणाली सुरू करण्याआधी ती रोज वापरणाऱ्याची सही घ्यायची. पैसे देणाऱ्याची सही पुरत नाही. हा नियम मोडून सुरू केलेली कामे नंतर निस्तरताना मी रात्री जागवल्या आहेत. बंदर हवे की नको, यावर माझे मत ऐकायला कोणी बसलेले नाही. पण ते होणारच असेल, तर निर्णयाच्या टेबलावर ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार संस्थेला मतासह जागा हवी. भरपाईची यादी ग्रामसभेत वाचली जावी, प्रशिक्षणाच्या जागा स्थानिक मुलांसाठी राखून असाव्यात, आणि डहाणूच्या खाडीतला गाळ, झाईचा किनारा, ही जुनी छोटी ठिकाणेही त्याच हिशेबात यावीत. भागीदारी हा शब्द तेव्हा खरा होईल.

मेळाव्याला दोघेही येणार आहेत, असे कळले आहे. मित्रमैत्रिणींनो, त्या दिवशी नियम मोडू या. हा विषय समोरासमोर बसून काढू या, शक्य झाल्यास त्याच बाकावर.