ब्रेन गन : घडवणारे आणि वाहणारे

लढायांचा इतिहास आपल्याला सेनापतींच्या नावानं शिकवला. हत्यार कुणी घडवलं, कुणाच्या खांद्यावरून गेलं, ते पुस्तकात येत नाही. म्हणून ही एका मशीनगनची हकीकत.

ब्रेन मूळची इंग्रजांची नाही. चेकोस्लोव्हाकियात वाक्लाव होलेक या बंदूक-कारागिरानं तिची मूळ रचना केली. १९२६ सालची ती गन ब्रनो शहरातल्या कारखान्यात बनू लागली. इंग्रजांनी चाचण्या घेतल्या, आपल्या .३०३ काडतुसासाठी बदल करून घेतले आणि १९३५ साली ती स्वीकारली. ब्रनोचं 'ब्र' आणि एनफिल्डचं 'एन', झालं ब्रेन.

मशीनवर उभा राहणाऱ्याला तिचं काम लगेच कळेल. गोळी नळीतून पुढं जाते तेव्हा थोडा वायू खालच्या भोकातून नळकांड्यात शिरतो आणि दट्ट्या मागं ढकलतो. दट्ट्यासंगं बोल्ट मागं येतो, रिकामं काडतूस खाली पडतं. मग स्प्रिंग सगळं पुढं रेटते, नवी गोळी घेऊन. मिनिटाला सुमारे ५०० चा वेग. वजन दहा किलोच्या आसपास. वाकडं मॅगझिन वरून बसतं, म्हणून नेम डाव्या बाजूनं धरायचा. त्यात ३० गोळ्या मावतात, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून शिपाई बहुतेक २८च भरायचे. नळी तापली की दुसरा गडी मूठ धरून काही सेकंदात ती बदलतो. म्हणजे हे हत्यार एकट्याचं नाही, जोडीचं आहे.

मार्च १९३९ मध्ये हिटलरनं ब्रनो घेतलं. मग चेक कामगारांच्या हातची गन जर्मन फौजेकडं गेली, आणि समोर इंग्रजांकडं तिचीच बहीण! चीनचे सैनिक हीच चेक गन घेऊन जपान्यांशी लढले. मशीनला देश नसतो, मालक असतो.

१९४० साली डंकर्कहून माघार घेताना इंग्रजांनी हजारो ब्रेन मागं टाकल्या. तूट भरायला कॅनडातही खाती धडधडली. टोरांटोच्या जॉन इंग्लिस कारखान्यात बाया ब्रेन जोडत होत्या. त्यातल्या व्हेरोनिका फॉस्टरचे फोटो सरकारनं १९४१ साली प्रचारासाठी मिरवले. बाकीच्या हजारोंची नावं कुणाला ठाऊक? आपल्याकडं बंगालात इशापूरलाही ब्रेन बनल्या.

आता आपली गोष्ट. 'लढाऊ जाती'चं खूळ काढून इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ साली मोडली. पुन्हा महायुद्ध पेटलं, तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली तीच मशीनगन रेजिमेंट झाली. तिची गन ब्रेनपेक्षा जड, तिवईवरची, पाण्यानं थंड होणारी व्हिकर्स. ज्यांना लढाऊ नाही म्हणून हाकललं, त्यांच्याच हाती सगळ्यात अवघड हत्यार दिलं.

दोस्तहो, यात नुसता अभिमान धरून भागणार नाही. गरज असली की बोलावणं, सरली की पलटण मोडणं, हा व्यवहार ओळखा. गन कुणी घडवली, कुणी वाहिली आणि कुणाच्या हुकमानं चालली, हे तीन सवाल प्रत्येक लढाईला विचारा. आणि उत्तरं आपण लिहून ठेवू.