होडीत उभे राहू नये

पुण्याला समुद्र नाही, आणि पुणेकराला त्याचे फारसे दुःखही नाही. तरी होडीचे शास्त्र पाहायचे तर संगमाजवळ जावे. इंजिनियरिंग कॉलेजची 'रेगाटा' १९२८ साली सुरू झाली. कॉलेजचे आता विद्यापीठ झाले, पण आम्हा जुन्या पेठांतल्या माणसांच्या तोंडी कॉलेजच. तिथल्या शर्यतीच्या होड्या सुईसारख्या अरुंद. त्या ठरतात कशा, असे एका वल्हेकऱ्याला मी विचारले. तो म्हणाला, "सर, वल्ही हातात आहेत तोवर होडी आपली. सोडली की आंघोळ!" दोहो अंगांना पाण्यावर टेकलेली वल्ही हाच तिचा आधार. मालवण-वेंगुर्ल्याकडे हेच काम उलांडी करते: होडीच्या अंगाला दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला तरंगता ओंडका.

याचे गणित मांडले ते पिएर बुगे या फ्रेंच पंडिताने, १७४६ साली. गृहस्थ पेरूला गेला होता पृथ्वीचा आकार मोजायला! होडी कलली की बुडालेल्या बाजूचा पाण्याचा रेटा वाढतो आणि तिला सरळ करू पाहतो. मात्र भार खाली हवा. माणूस उभा राहिला की भार वर चढतो. तळाशी साचलेले पाणी तर फितुरासारखे कललेल्या बाजूलाच धावते.

हे सांगताना वर्गात मी 'रामदास' बोटीपाशी थांबतो. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट कासा बेटाजवळ वादळात सापडली. लाट आत आली, भेदरलेले उतारू एकाच बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. वाचली त्यांतल्या कित्येकांना काढले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी, आपल्या लहानशा होड्यांत. बुडत्याला होडीत ओढून घेणे सोपे नसते. सगळेच त्या काठाला वाकले तर होडीही जायची. जाणता तांडेल बाकीच्यांना समोरच्या अंगाला बसवतो.

परवा सहलीत होडी मध्यावर आली आणि फोटोसाठी सात-आठ मुले एकदम उठली. मी ओरडलो, "खाली बसा!" नाववाला हसून म्हणाला, "मास्तर, होडी माझी आहे, घाबरू नका."

"मुलं माझी आहेत," मी म्हणालो, आणि काठ लागेपर्यंत एकालाही उठू दिले नाही.